नदीकाठची थंडी: चार हवामान केंद्रांच्या प्रकल्प नोंदी

11 मे 2024

जागा ठरल्या. एका ग्रामीण पट्ट्यात चार स्वयंचलित केंद्रं: नदीकाठ, गावठाण, माळ आणि टेकडी. नदीकाठ सगळ्यांत खाली, टेकडी त्याच्यापेक्षा 140 मीटर उंच. जोडीला हाताने लिहिलेल्या नोंदींच्या वह्या आहेत, 1991 पासूनच्या: रोजचा पाऊस, कमाल आणि किमान तापमान. यातून महिनावार सरासरी काढायची आणि पेरणी, फवारणी, पाणी यांसाठी वापरता येईल असा तक्ता करायचा.

जागा निवडताना सोय शेवटी पाहिली. पर्जन्यमापकापासून कुठलाही अडथळा त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवा, चौपट असेल तर उत्तम. म्हणजे 8 मीटरचं झाड 16 मीटरच्या आत चालणार नाही. वाऱ्याचं गणित कडक असतं: मोजणी 10 मीटर उंचीवर आणि अडथळा त्याच्या उंचीच्या दहापट लांब. हे फक्त माळावर जमलं. बाकी तिन्ही ठिकाणी 2 मीटरवरच वेगमापी लावलाय आणि केंद्राच्या माहितीपत्रकात तसं लिहून ठेवलंय. उंची न लिहिलेला वाऱ्याचा आकडा पुढे कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

तापमानाचा सेन्सर जमिनीपासून दीड मीटरवर, पांढऱ्या झडपांच्या कवचात, खाली गवत. गच्ची, सिमेंटचा ओटा आणि पत्र्याचं छप्पर सोडून दिलं.

18 मे 2024

टेबलावर सेन्सरची तपासणी. पीटी100 म्हणजे 0 अंशाला 100 ओहम रोध असलेली प्लॅटिनमची तार. तापमान एक अंशाने वाढलं की रोध 0.385 ओहमने वाढतो. इथेच पहिली चूक सापडली: पुरवठादाराने दोन सेन्सर दोन तारांवर जोडून पाठवलेत. 0.5 चौरस मिमी तांब्याची 10 मीटर केबल जाऊन-येऊन 20 मीटर होते, तिचा रोध साधारण 0.7 ओहम. लॉगरला, म्हणजे सेन्सरचे आकडे टिपून ठेवणाऱ्या यंत्राला, तारेचा रोध आणि सेन्सरचा रोध वेगळा ओळखता येत नाही, त्यामुळे तापमान 1.8 अंशांनी जास्त दिसतं. हा फरक कायमचा वजा करून टाकू असं वाटतं, पण तांब्याचा रोधही तापमानाप्रमाणे बदलतो, म्हणून वजाबाकी दुपारी एक आणि पहाटे दुसरीच लागते. दोन्ही सेन्सर चार तारांवर नव्याने जोडले.

मग बर्फाची चाचणी. ऊर्ध्वपातित पाण्याचा बर्फ बारीक ठेचून थर्मासात भरला. वर त्याच पाण्याची धार धरली, इतकीच की बर्फ ओला दिसावा पण तरंगू नये. सेन्सर 10 सेंटीमीटर आत खुपसला, अधूनमधून ढवळत 15 मिनिटं थांबलो. चारही सेन्सर 0.1 अंशाच्या आत बसले. नळाचं पाणी वापरायचं नाही, क्षारांमुळे गोठणबिंदू खाली सरकतो. पाणी जास्त झालं तर तळाशी शून्याहून गरम थर साचतो आणि निर्दोष सेन्सर नापास होतो.

26 मे 2024

पर्जन्यमापकांची चाचणी. नरसाळ्याचा व्यास 200 मिमी, म्हणजे क्षेत्रफळ 314 चौरस सेंमी. नरसाळ्याखाली दोन कप्प्यांची झुलती बकेट, एक कप्पा भरला की ती उलटते, ती एक टिप. प्रत्येक टिप 0.2 मिमीची, म्हणजे एका टिपेला 6.28 मिली पाणी. 628 मिली पाणी बरोबर मोजून, तळाला बारीक भोक पाडलेल्या बाटलीतून 48 मिनिटांत गळू दिलं. हा वेग ताशी 25 मिमी पावसाइतका. अपेक्षित टिपा 100. टेकडीचं यंत्र 95 वर थांबलं.

पाणसळ लावून पाहिली तर बुडबुडा एका बाजूला. पाया आधी सपाट केला, मग स्क्रूला हात लावला. उलट क्रमाने केलं तर एक कप्पा लवकर आणि दुसरा उशिरा उलटतो, बेरीज कशीबशी जुळते आणि दोष झाकला जातो. सपाट केल्यावर 97. बकेट ज्या दोन स्क्रूंवर टेकते ते दोन्ही सारखेच पाव फेरा वर घेतले. बकेटचा झुकाव कमी झाला, की ती कमी पाण्यात उलटते आणि टिपा वाढतात. दुसऱ्या फेरीत 100.

मुसळधार पावसात हे यंत्र कमीच दाखवणार, आणि त्यात दोष कुणाचाच नाही. ताशी 100 मिमीच्या सरीत दर 7.2 सेकंदांनी एक टिप पडते. बकेट उलटायला अर्धा सेकंद लागतो असं धरलं, तर पहिल्या पाव सेकंदात पडणारं पाणी भरलेल्या कप्प्यातच जातं. साडेतीन टक्के तिथेच गेले. म्हणून प्रत्येक केंद्रात शेजारी साधा, हाताने मोजायचा पर्जन्यमापकही पुरलाय. दिवसाची बेरीज त्याची धरायची. सर किती वाजता आली आणि किती जोराची होती, हे बकेटवरून घ्यायचं.

23 जून 2024

पाऊस लागला. लॉगरचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवलंय, स्थानिक वेळ फक्त तक्ता छापताना. माळाचा लॉगर बॅटरी उतरल्यामुळे एकदा बंद पडून पुन्हा चालू झाला आणि त्याचं घड्याळ मागे गेलं. शेजारच्या केंद्रांच्या सरींशी ताडून वेळ दुरुस्त केली. दुरुस्त केलेल्या ओळींना वेगळी खूण केली, मूळ फाइल तशीच ठेवली.

14 जुलै 2024

गावठाणच्या आलेखात एक ओळखीची खोड दिसली. संध्याकाळची जोरदार सर इतर तीन ठिकाणी 40 मिनिटांत संपली, गावठाणला मात्र रात्रभर टिपा पडत राहिल्या: आधी दर तीन मिनिटांनी, मग पाच, मग नऊ. पाऊस असा कधी पडत नाही. सर येते, थांबते, पुन्हा येते. टिपांमधलं अंतर असं एकसारखं वाढत जाणं म्हणजे नरसाळ्यात पाणी तुंबून झिरपतंय.

उघडून पाहिलं तर गाळणीवर कडुनिंबाच्या काड्या, त्यांवर धुळीचा लगदा आणि लगद्याच्या कडेला कोळ्याचं जाळं, इतकं घट्ट की पाण्याचा थेंब त्यावर मण्यासारखा उभा. साफ केल्यावर नरसाळ्यात साचलेलं पाणी एकदम खाली गेलं आणि बकेट फडफडली. या 11 टिपा साफसफाईच्या म्हणून नोंदवून वगळल्या. दिवसाची बेरीज हाताच्या पर्जन्यमापकावरून घेतली. नरसाळं तुडुंब भरून वाहिलं असेल तर बकेटची बेरीजही गेली, फक्त सरीची वेळ नव्हे.

यापुढे पावसाळ्यात दर आठवड्याला नरसाळं पाहायचं आणि बकेटच्या टेकणीजवळ मुंग्यांनी माती आणली आहे का, तेही.

30 जुलै 2024

जुन्या वह्यांचं काम. आकडे संगणकात भरून झाल्यावर सरासरी काढायची घाई केली नाही. आधी या तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, तारीख. पाऊस सकाळी मोजतात, म्हणजे मापकातलं पाणी बहुतांश कालचं. काही नोंदवणारे ते आजच्या तारखेवर लिहितात, काही कालच्या. वहीत हात बदलला की पद्धतही बदलते. प्रत्येक वर्षाचा रोजचा पाऊस शेजारच्या केंद्राशी तीन प्रकारे ताडला: त्याच तारखेला, एक दिवस पुढे आणि एक दिवस मागे. ज्या वर्षी जुळणी एक दिवस सरकवल्यावर जास्त भरली, त्या वर्षीची पद्धत वेगळी होती. महिन्याच्या बेरजेला याने फारसा धक्का लागत नाही, पण एका दिवसातला सर्वांत जास्त पाऊस कोणत्या तारखेचा, हे चुकतं.

दुसरी, वार. पाऊस पडलेले दिवस वारांप्रमाणे मोजले. रविवारी कमी आणि सोमवारी मोठे आकडे. आकाशाला वार कळत नाहीत, तेव्हा रविवारी कुणी मापक पाहिलाच नव्हता. ते सोमवार दोन दिवसांची बेरीज म्हणून चिन्हांकित केले. महिन्याच्या बेरजेत ते धरले, दैनिक टोकाच्या मूल्यांतून काढले.

तिसरी, आडवी रेघ. काही पानांवर रेघ म्हणजे 'पाऊस नाही', काही पानांवर 'नोंद नाही'. ही सगळ्यांत वाईट गोष्ट, कारण संगणक दोन्हींना शून्य समजतो आणि कोरडा महिना जन्माला येतो. त्याच आठवड्यात तापमानाच्या नोंदी आहेत का, यावरून ठरवलं. तापमान लिहिलंय आणि पावसाला रेघ आहे, तर शून्य. दोन्ही नाहीत, तर नोंद नाही.

9 ऑगस्ट 2024

सरासरीचे नियम लिहून भिंतीवर लावले. कालावधी 1991 ते 2020, जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीप्रमाणे 30 वर्षं. ज्या महिन्यात तापमानाच्या 11 किंवा अधिक दिवसांच्या नोंदी नाहीत, किंवा सलग 5 दिवस नाहीत, त्याची महिन्याची सरासरी काढायची नाही. पावसाला सूट नाही. बेरीज असल्यामुळे एकही दिवस हरवलेला चालत नाही, फक्त एकत्र मोजलेली बेरीज चालते. 30 पैकी किमान 24 वर्षं हाती असली तरच त्या महिन्याची 30 वर्षांची सरासरी छापायची.

पावसाच्या सरासरीसोबत मध्यक, म्हणजे सगळी वर्षं चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, छापायचं ठरलं. दोन अतिवृष्टीची वर्षं सरासरी वर ओढतात आणि निम्म्याहून जास्त वर्षं 'सरासरीपेक्षा कमी' ठरतात. शेतीचं नियोजन करणाऱ्याला मध्यक आणि पाच वर्षांतून एकदा येणारा कोरडा आकडा, हे दोन जास्त कामाचे.

2 सप्टेंबर 2024

वहीत 2006 साली केंद्र हलवल्याची एका ओळीची नोंद आहे: गावठाणातून नदीकाठच्या मोकळ्या जागेत. पावसासाठी दुहेरी बेरजेचा आलेख काढला. आडव्या अक्षावर शेजारच्या केंद्रांच्या सरासरी पावसाची वर्षागणिक चढती बेरीज, उभ्या अक्षावर या केंद्राची. सगळं ठीक असेल तर बिंदू एका सरळ रेषेत येतात. 2006 पाशी रेषा किंचित मोडते, उतार थोडा वाढतो. जुन्या जागी इमारतींच्या आडोशामुळे मापकात कमी पाणी यायचं, असा अर्थ लावता येतो. पण एखाद-दुसऱ्या वर्षाच्या वळणावर दुरुस्ती करायची नसते, नवा उतार किमान पाच वर्षं टिकलेला हवा. इथे टिकलाय. जुन्या भागाला उतारांचं गुणोत्तर लावलं. मूळ आणि दुरुस्त असे दोन स्तंभ ठेवले.

किमान तापमान मात्र 2006 नंतर चक्क खाली घसरतं, आणि कमाल जवळपास तिथेच. पावसाळ्यात घसरण दिसत नाही, हिवाळ्यात ठळक. ही वही चुकीची, की नदीकाठ खरंच इतका थंड, हे नव्या केंद्रावरून थंडीत कळेल.

17 नोव्हेंबर 2024

आकाश निवळलं आणि प्रश्न समोर आला. निरभ्र रात्री नदीकाठचं किमान टेकडीपेक्षा 4 ते 5 अंशांनी कमी. उंचीचं ठोकळ गणित याच्या अगदी उलट: दर 100 मीटरला 0.65 अंश घट धरली तर 140 मीटर वरची टेकडी 0.9 अंशाने थंड असायला हवी. दुपारी ती तशी असतेही.

आधी उपकरणावर संशय घेतला. केबलचा दोष तापमान वाढवून दाखवतो, कमी करून नाही, त्यामुळे ती शक्यता बाद. कवचात दव साचून सेन्सर ओला राहिला आणि बाष्पीभवनाने थंड झाला तर? तशा रात्री आर्द्रता 100 टक्क्यांजवळ आहे, बाष्पीभवनाला वावच नाही. राहिला सेन्सर.

24 नोव्हेंबर 2024

अदलाबदल. नदीकाठचा सेन्सर कवचासकट टेकडीवर, टेकडीचा नदीकाठी. फरक यंत्राचा असेल तर तो यंत्राबरोबर डोंगर चढेल. जागेचा असेल तर नदीकाठीच राहील. अदलाबदल किमान दहा रात्री ठेवायची. नुसता सेन्सर हलवून भागत नाही, कवचाचा रंग, झडपा आणि लॉगरमध्ये सेन्सर जिथे जोडतात ती जागाही फरक पाडतात. म्हणून आम्ही लॉगरही नेला.

8 डिसेंबर 2024

फरक नदीकाठीच राहिला.

रात्री दोन गटांत विभागल्या. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री दोन्ही केंद्रांत जेमतेम एक अंशाचा फरक, आणि तोही टेकडी थंड. निरभ्र आणि वारा सेकंदाला 1 मीटरच्या खाली असलेल्या रात्री नदीकाठ थंड. आलेखात हा बदल पाहण्यासारखा आहे: सूर्यास्तानंतर तासाभरात नदीकाठची रेघ कोसळायला लागते, टेकडीची हळूहळू उतरते. मध्यरात्री वाऱ्याची एक झुळूक आली की नदीकाठचं तापमान दहा मिनिटांत तीन अंशांनी वर उडी मारतं, झुळूक गेली की पुन्हा खाली. वारा वरची गरम हवा खाली ढवळतो, इतकंच.

जमीन उष्णता आकाशाकडे सोडते, तिला टेकलेली हवा थंड आणि जड होते, उतारावरून ओघळते आणि खोलगट जागी साचते. टेकडीवरची थंड हवा खाली निघून जाते, तिच्या जागी बाजूची गरम हवा येते. म्हणून उतारावर मधल्या उंचीला रात्री सर्वांत उबदार पट्टा सापडतो. उताराला आडवा बांध, दाट कुंपण किंवा रस्त्याचा भराव असेल तर त्याच्या वरच्या अंगाला थंड हवा अडून राहते. कुंपणात तळाशी फट ठेवली तर ती वाहून जाते.

यातून वहीचा निकालही लागला. 2006 नंतरची घसरण जागा बदलल्याची आहे. ती हवामान थंड झाल्याची खूण नाही, आणि आधीच्या वर्षांतून एकच आकडा वजा करून ती भरूनही काढता येणार नाही, कारण फरक रात्रीच्या प्रकारावर अवलंबून आहे. महिनावार वेगळी दुरुस्ती केली. पावसाळ्याच्या महिन्यांत जवळपास शून्य, कोरड्या थंडीत सर्वांत जास्त.

5 जानेवारी 2025

गवतालगतचा तापमापी बसवला, सेन्सर गवताच्या टोकांना टेकेल असा, उघड्या आकाशाखाली. निरभ्र, शांत रात्री तो कवचातल्या आकड्यापेक्षा 3 ते 5 अंशांनी खाली जातो. पिकाच्या पानाला जे तापमान लागतं ते याच्या जवळचं. कवचात 3 अंश दिसत असताना पानावर दव गोठू शकतं, म्हणून 'शून्याच्या खाली गेलं नाही, तर नुकसान कसं?' या प्रश्नाचं उत्तर गवतावरच्या आकड्यात आहे. इशाऱ्याची पातळी कवचातल्या 4 अंशांवर ठेवली, पण फक्त नदीकाठसाठी. माळ आणि टेकडीला तीच पातळी लावली तर दहापैकी बहुतेक इशारे फुकट जातील.

19 जानेवारी 2025

वहीतल्या किमान तापमानात आणखी एक मेख सापडली. तापमापी सकाळी वाचून पुन्हा लावतात. कडाक्याच्या सकाळी वाचन केलं त्या क्षणीही हवा 8 अंशांवरच असेल, तर सूचक, म्हणजे किमान दाखवणारी तापमापीतली खूण, तिथूनच सुरू होतो. दुसरी सकाळ 13 अंशांची असली तरी किमान म्हणून 8 लिहिलं जातं. एकच थंड सकाळ दोनदा मोजली गेली. नव्या केंद्राच्या दहा मिनिटांच्या नोंदींवरून महिन्याचं किमान एकदा वहीच्या सकाळ-ते-सकाळ पद्धतीने आणि एकदा मध्यरात्र-ते-मध्यरात्र काढलं, की फरक थेट दिसतो.

16 मार्च 2025

आर्द्रता मोजायची ओल्या आणि कोरड्या तापमापीची जोडी तपासली. आर्द्रता नेहमीपेक्षा जास्त येत होती. ओल्या तापमापीच्या फुग्यावरची मलमल क्षारांनी कडक झालेली, कारण भांड्यात विहिरीचं पाणी. किती फरक पडतो ते मांडून ठेवतो: कोरडा 30, ओला 24 अंश, हवेचा दाब 1000 हेक्टोपास्कल, पंख्याची हवा असेल तर आर्द्रता 61 टक्के. मलमल नीट ओलावत नाही म्हणून ओला 25 दाखवला, तर उत्तर 67. एका अंशाला सहा टक्के. मलमल महिन्याला बदलायची, नवी मलमल आधी उकळून तिची खळ काढायची, पाणी ऊर्ध्वपातितच.

27 एप्रिल 2025

उन्हाळ्यात खोटेपणाची पाळी कमाल तापमानाची. वारा पडलेल्या दुपारी झडपांचं कवच स्वतःच तापतं आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम होते. गावठाणचं कवच पिवळट पडलंय. शेजारी पंख्याने हवा खेचणारं कवच लावून पाहिलं, शांत दुपारी दीड अंशाचा फरक, वारा सुटला की तो नाहीसा. कवच धुऊन काढलं, झडपांमधलं गांधीलमाशीचं पोळं खरवडलं. तरीही अर्धा अंश उरला, तेव्हा कवच बदललं. तोवरच्या एप्रिलच्या कमाल नोंदींना 'शंकास्पद' खूण.

बाष्पीभवनाचं पात्र माळावर: व्यास 120.7 सेंमी, खोली 25.4 सेंमी, लाकडी चौकटीवर, पाण्याची पातळी काठापासून 5 ते 7.5 सेंमी खाली. पक्षी पाणी पितात म्हणून जाळी टाकली, पण जाळीने बाष्पीभवन कमी होतं, तेही लिहून ठेवायला हवं. शेवाळ दिसताच पाणी बदलायचं. पात्रातली घट थेट पिकाची गरज मानायची नाही, साधारण 0.7 ने गुणून घ्यायची, आणि भोवती उघडी कोरडी जमीन असेल तर त्याहून कमी गुणक.

25 मे 2025

पावसाळ्याआधीची फेरी. पर्जन्यमापकांत पुन्हा 628 मिली: नदीकाठ 99, गावठाण 100, माळ 98, टेकडी 100. माळाचा पाया पुन्हा सपाट केला, स्क्रूला हात लावला नाही, नंतर 100. वेगमापीच्या बेअरिंग बदलल्या, कारण पहाटेच्या 'शून्य वारा' नोंदी माळावर वाढल्या होत्या आणि कप हाताने फिरवले तर दोन फेऱ्यांत थांबत होते. शांत रात्र कोणती हे वाऱ्यावरूनच ठरत असल्याने त्या नोंदी तपासून माळाच्या रात्रींचे गट पुन्हा पाडावे लागतील. एप्रिलपासूनच्या नोंदी तपासून झाल्या, मार्चच्या बाकी.